तारकागुच्छांच्या गणितात आयुष्य काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. तारकागुच्छांच्या गतिशास्त्रावर काम करणाऱ्या गणिती खगोलशास्त्रज्ञांबद्दल वाचलं. यांच्याकडे दुर्बीण नाही, प्रयोगशाळा नाही. नियम न्यूटनने सांगून ठेवलेला, आकडेमोड संगणक करतो. मग गणिती करतो काय? आणि यात खरंच करिअर होतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. संगणक उत्तर देतो, पण त्या उत्तरातलं काय खरं धरायचं आणि काय सोडून द्यायचं ते तो सांगत नाही. ते ठरवण्यात आमची वर्षं जातात, आणि त्याला अजूनही कागद-पेन्सिल लागते. मी स्वतः याच विषयात आहे, पण माझ्यापेक्षा एडिंबरा विद्यापीठाच्या डग्लस हेगी यांचं उदाहरण घेऊन सांगतो. त्यांचं सगळं काम छापील स्वरूपात समोर आहे, आणि तुमच्या दोन्ही शंकांना त्यात उत्तर सापडतं.

हेगींचा जन्म १९४७ चा, एडिंबराचाच. पीएच.डी. केंब्रिजला केली, मग परत एडिंबराला आले आणि तिथल्या गणित विभागातच राहिले. गणित विभागात, हे लक्षात घ्या. एडिंबराची वेधशाळा ब्लॅकफर्ड टेकडीवर आहे आणि गणित विभाग तिथून जवळच, किंग्ज बिल्डिंग्जच्या आवारात. हेगींचं पद गणिती खगोलशास्त्राच्या प्राध्यापकाचं होतं. खगोलशास्त्र उपयोजित गणिताच्या घरात नांदणं ही ब्रिटनमधली जुनी रीत आहे. आपल्याकडेही विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचेच प्राध्यापक होते. तेव्हा 'मी गणिताची, मला खगोलात कोण घेणार' ही भीती असेल तर ती सोडा.

आता काम काय असतं ते.

वृश्चिकेतली तांबूस ज्येष्ठा तुम्हाला ओळखता येत असेल. तिच्या अगदी शेजारी, सव्वा-दीड अंशावर, साध्या द्विनेत्रीतून एक धूसर ठिपका दिसतो. मे महिन्यात, ढग यायच्या आधी, गावाबाहेर गेलात तर सहज सापडेल. तो मेसिए ४, म्हणजे एम-४ हा बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट, गोलाकार समूह). आपल्याला सर्वांत जवळच्या बंदिस्त गुच्छांपैकी हा एक, अंतर सुमारे ६००० प्रकाशवर्षं. त्यात लाखाच्या घरात तारे आहेत आणि वय १२ अब्ज वर्षांच्या आसपास. इतका काळ हे तारे एकमेकांच्या गुरुत्वाकर्षणात फिरताहेत. विचारायचं एवढंच: या काळात गुच्छाचं काय झालं आणि पुढे काय होणार?

दोन वस्तूंचं गणित न्यूटनने सोडवलं. तिघांचं सर्वसाधारण सूत्र निघत नाही. मग लाख ताऱ्यांचं कसं निघावं? सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक ताऱ्यावर बाकी सगळ्यांचं बल मोजायचं, तारा थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा बल मोजायचं. पाच लाख ताऱ्यांच्या गुच्छात एका फेरीला साडेबारा हजार कोटी जोड्या मोजाव्या लागतात. शिवाय गुच्छाची रचना हळूहळू बदलते, त्यामुळे अशा फेऱ्या प्रचंड संख्येने लागतात. सेबास्टियन फॉन होर्नर यांनी १९६० मध्ये हायडेलबर्गला पहिल्यांदा असं गणित संगणकावर केलं ते १६ ताऱ्यांचं. काही वर्षांतच केंब्रिजला स्वेरे ओर्सेट यांनी आकडा शंभरावर नेला. ओर्सेट हे हेगींचे गाइड. त्यांनी आपले कोड आयुष्यभर सुधारत नेले आणि मागेल त्याला फुकट दिले. आज या विषयातला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या कोडवर शिकलेला आहे.

इथे खरी गोम सुरू होते. १९६४ मध्ये रिचर्ड मिलर यांनी दाखवलं की अशा गणितात सुरुवातीला एका ताऱ्याची जागा केसभर बदलली, तर दोन उत्तरांमधला फरक घातांकी वेगाने वाढत जातो. हा वेग किती आणि का, याचा नीट हिशेब जेरेमी गुडमन, हेगी आणि पिट हट यांनी १९९३ मध्ये मांडला. तारा गुच्छाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्याही काही अंशात चूक कित्येक पट होते. गुच्छाच्या आयुष्यात अशा हजारो फेऱ्या होतात. संगणकात पंधरा-सोळा दशांश स्थळं असतात, ती किती पुरणार? म्हणजे कुठल्याही मोठ्या सिम्युलेशनमध्ये अमुक तारा अमुक वेळी कुठे आहे याचं उत्तर चुकीचंच असतं. थोडंफार नव्हे, पूर्ण चुकीचं.

तरीही त्याच सिम्युलेशनमधून गाभ्याची घनता, तारे गुच्छाबाहेर निसटण्याचा दर, जड तारे मध्याकडे किती लवकर जमतात, हे सगळं बऱ्यापैकी बरोबर येतं. का येतं? काय बरोबर येतं आणि काय येत नाही? कितव्या अंकापर्यंत भरवसा ठेवायचा? 'संगणक असताना गणिती कशाला' याचं उत्तर या तीन प्रश्नांत आहे. याची काटेकोर सिद्धता आजही कुणाकडे नाही. आहे ते अनेक बाजूंनी केलेलं ताडून पाहणं.

त्यातली एक बाजू उदाहरणासाठी नीट उलगडतो, कारण हेगींचं नाव ज्याने झालं ते काम तेच.

आधी गुरुत्वाकर्षणाचा एक विचित्र गुण. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहाला विरळ हवेचा विरोध होतो, त्याची ऊर्जा कमी होते, आणि तो खालच्या कक्षेत जाऊन जास्त वेगाने फिरू लागतो. ऊर्जा गमावली आणि वेग वाढला! गुच्छाच्या गाभ्याचंही तेच. वेग म्हणजे इथलं तापमान धरलं, तर गाभा बाहेरच्या भागाला उष्णता देतो आणि त्यामुळे आणखी तापतो. आणखी तापला की आणखी देतो. गाभा आक्रसत जातो. रशियात अंतोनॉव्ह यांनी १९६२ मध्ये आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल व रॉजर वुड यांनी १९६८ मध्ये याचं गणित दिलं. अंतोनॉव्ह यांच्या गणितात मध्याची आणि कडेची घनता यांचं गुणोत्तर ७०९ च्या पुढे गेलं की ही घसरण सुरू होते. सारख्या वस्तुमानाच्या ताऱ्यांचा नमुनेदार गुच्छ घेतला तर गाभा कोसळायला सुरुवातीच्या शिथिलीकरण काळाच्या साधारण १५ पट वेळ लागतो. शिथिलीकरण काळ म्हणजे ताऱ्यांच्या आपसातल्या ओढाताणीने त्यांच्या मूळ कक्षांची ओळख पुसून जायला लागणारा वेळ.

मग सगळे गुच्छ कोसळून का गेले नाहीत? फ्रान्सचे मिशेल एनों यांनी १९६१ च्या आपल्या प्रबंधातच म्हटलं होतं की मध्यभागी ऊर्जेचा काही स्रोत असला पाहिजे, आणि तो बहुधा जोडताऱ्यांचा. ओर्सेट यांच्या सिम्युलेशनमध्येही दिसत होतं की मध्यावर एखादी घट्ट जोडी तयार होते आणि सगळ्या गुच्छाची ऊर्जा जणू तिच्या हातात जाते. पण असं होतंच, की हे काहीशे ताऱ्यांच्या लहान गणिताचं खूळ आहे? हेगींनी पीएच.डी.त हाच प्रश्न धरला आणि १९७५ मध्ये त्यावरचा मोठा शोधनिबंध आला. निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो: घट्ट जोड्या अधिक घट्ट होत जातात, सैल जोड्या अधिक सैल. आता याला हेगींचा नियम म्हणतात. त्याच वर्षी अमेरिकेत जॅक हिल्स यांनीही संगणकावरून याच दिशेचे निष्कर्ष काढले होते.

सैल जोडीचं समजायला सोपं आहे. जत्रेतल्या रेट्यात सैल हात धरलेली जोडी सुटते, तसं. घट्ट जोडीचं गणित मात्र तुम्ही वहीत करून बघा. जोडीतलं अंतर निम्मं झालं की बंधनऊर्जा, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, दुप्पट होते. तिसरा तारा जवळून गेला की सरासरीने या बंधनऊर्जेचा एक ठरावीक हिस्सा मोकळा होतो, सारख्या वस्तुमानाच्या ताऱ्यांत सुमारे ४० टक्के. तो येणाऱ्या ताऱ्याला आणि जोडीला वेगाच्या रूपाने मिळतो. आता अशा भेटी किती वेळा होतील? वाटेल की जोडीच्या क्षेत्रफळाच्या, म्हणजे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. पण हळू येणाऱ्या ताऱ्याला जोडीचं गुरुत्वाकर्षण स्वतःकडे वळवून घेतं, त्यामुळे प्रमाण अंतराच्या वर्गाचं न राहता अंतराचंच राहतं. म्हणजे अंतर निम्मं केलं की भेटी निम्म्या आणि दर भेटीतली ऊर्जा दुप्पट. गुणाकार तेवढाच! जोडी कितीही घट्ट झाली तरी गुच्छाला ऊर्जा पुरवण्याचा तिचा सरासरी दर बदलत नाही. अखेर एखाद्या भेटीचा धक्का इतका मोठा बसतो की जोडीच गुच्छाबाहेर फेकली जाते.

या हिशेबात एकाही ताऱ्याची नेमकी जागा आलेली नाही. म्हणून तो मघाच्या घातांकी गोंधळाला बळी पडत नाही. सिम्युलेशनमध्ये हाच स्थिर दर दिसला तर सिम्युलेशनवर विश्वास बसतो. नाही दिसला तर कोडमध्ये जोडीचं गणित कुठेतरी बिघडलंय. घट्ट आणि सैल यांची सीमाही कागदावरच ठरते: जोडीची बंधनऊर्जा आणि आसपासच्या ताऱ्यांची सरासरी गतिज ऊर्जा यांची तुलना. सूर्याएवढे तारे आणि सेकंदाला दहा-एक किलोमीटर वेग असलेल्या गुच्छात ही सीमा सूर्य-पृथ्वी अंतराच्या काही पट येते.

गंमत म्हणजे हेगींचा निबंध आला तेव्हा बंदिस्त गुच्छांत जोडतारे आहेत की नाहीत हेच निरीक्षकांना माहीत नव्हतं. १९७९ मध्ये एम-३ गुच्छात शोध घेतला गेला तेव्हा एकही स्पष्ट जोडी हाती लागली नव्हती. त्या पुढे १९८० च्या दशकात सापडू लागल्या.

यातला महाराष्ट्राशी थेट जोडलेला धागा सांगायलाच हवा. नारायणगावजवळ खोडदला आपली जीएमआरटी दुर्बीण आहे. २००४ मध्ये तिला एनजीसी १८५१ या बंदिस्त गुच्छात एक स्पंदक (पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) सापडल्याचं जाहीर झालं, जीएमआरटीने शोधलेला पहिला. तो सेकंदाला सुमारे २०० वेळा फिरतो. इतका वेग यायला स्पंदकाने जोडीदाराकडून वायू ओढून घ्यावा लागतो, आणि त्या प्रक्रियेत कक्षा जवळपास वर्तुळाकार होते. इथे मात्र कक्षा कमालीची लांबट निघाली, विकेंद्रता ०.८९. जोडीदारही जड. सगळ्यांत पटणारा खुलासा असा की मूळ हलका जोडीदार वायू देऊन मोकळा झाला, मग एक जड तारा जवळून गेला आणि त्याने हलक्याला हुसकून जागा पटकावली. अशा अदलाबदलीची शक्यता किती, हे हेगी आणि त्यांच्या पठडीतल्या लोकांनी आधीच मोजून ठेवलं होतं. त्याच गुच्छात २०२४ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीने आणखी एक जोडी जाहीर केली. तिच्यातला स्पंदकाचा जोडीदार सूर्याच्या २.१ ते २.७ पट वस्तुमानाचा आहे, आणि तो न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर, यावर अजून चर्चा चालू आहे.

आता तुम्हाला वाटेल, नियम १९७५ ला सापडला, मग पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय केलं? इथेच या करिअरचा पोत दिसतो. हेगींनी विषय बदलला नाही. तोच प्रश्न वेगवेगळ्या हत्यारांनी पुन्हा पुन्हा हाताळला.

१९८३ मध्ये जपानचे दाइइचिरो सुगिमोतो आणि एरहार्ड बेटवीझर यांनी गुच्छाला वायूचा गोळा समजून केलेल्या गणितात एक अजब गोष्ट पाहिली: कोसळलेला गाभा पुन्हा फुगतो, पुन्हा आक्रसतो, असं चालू राहतं. बरेच जण म्हणाले, हा गणितातल्या कालखंडांच्या (गणित एका वेळी जेवढा काळ पुढे सरकतं त्याच्या) लांबीचा खेळ असेल, खऱ्या ताऱ्यांत असं काही होत नसेल. गुडमन यांनी १९८७ मध्ये कागदावर दाखवलं की तारे साधारण ७००० च्या वर असले तरच ही आंदोलनं सुरू होतात. त्या काळी इतक्या ताऱ्यांचं सरळ गणित गाभा कोसळण्याच्या पलीकडे नेणं कुणालाच परवडत नव्हतं. तेव्हा टोकियो विद्यापीठाच्या गटाने फक्त गुरुत्वाकर्षणाचं बल मोजणाऱ्या खास चिप बनवायला घेतल्या. त्या यंत्रांचं नाव ग्रेप. १९९६ मध्ये जुन माकिनो यांनी ग्रेप-४ वर सुमारे ३२ हजार ताऱ्यांचं गणित चालवलं आणि आंदोलनं दिसली. एका 'आहे की नाही' साठी तेरा वर्षं. ज्यांना निकाल लवकर लागायला हवा त्यांनी दुसरा विषय घ्यावा, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगतो.

दुसरं हत्यार एनों यांनीच १९७०च्या सुमारास दिलेलं: प्रत्येक जोडी न मोजता ताऱ्यांच्या भेटींचा परिणाम संभाव्यतेने काढायचा, म्हणजे मोंते कार्लो पद्धत. वॉर्साचे मिरेक गिएर्श आणि हेगी यांनी ती वापरून एम-४ सारख्या प्रत्यक्ष गुच्छांची प्रतिरूपं केली. आणि मग हेगींनी २०१४ मध्ये तोच एम-४ ताऱ्यागणिक बल मोजणाऱ्या सरळ पद्धतीनेही करून पाहिला, सुरुवातीला पाच लाखांच्या आसपास तारे घेऊन. ती एकच रन वर्षानुवर्षं चालली. एका रनसाठी एवढा वेळ देणं वेडेपणा वाटेल. पण मोंते कार्लो बरोबर चाललंय का हे तपासायला दुसरा उपाय नव्हता, आणि ती पद्धत बरोबर असेल तर तेच काम काही तासांत होतं.

एनों यांचं आणखी एक तत्त्व आम्ही रोज वापरतो. गाभ्यात किती ऊर्जा निर्माण व्हायची हे गाभा ठरवत नाही. बाहेरचा गुच्छ जेवढी वाहून नेऊ शकतो तेवढीच गाभ्याला पुरवावी लागते. याचं ताजं फळ म्हणजे फिलिप ब्रीन आणि हेगी यांचं २०१३ चं काम. आधी समज असा होता की गुच्छातली कृष्णविवरं मध्यावर जमतात आणि एकमेकांना भराभर बाहेर फेकून संपून जातात. ब्रीन-हेगींनी हे तत्त्व लावून दाखवलं की फेकण्याचा वेग बाहेरच्या गुच्छाच्या संथ गतीने बांधलेला असतो, म्हणून कृष्णविवरं अब्जावधी वर्षं टिकू शकतात. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, एनजीसी ३२०१ गुच्छात एका ताऱ्याच्या डोलण्यावरून सूर्याच्या चौपटीहून थोडं जड कृष्णविवर सापडलं. गुरुत्वीय लहरींमुळे तर आमचा विषय एकदम मागणीत आला. सप्टेंबर २०१५ मध्ये लायगोने टिपलेल्या पहिल्या टकरीतली कृष्णविवरं अशाच एखाद्या गुच्छात जोडीला आली असतील, ही आजही एक ठोस शक्यता मानली जाते. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभी राहील तेव्हा तिच्या नोंदींचा अर्थ लावायलाही हेच गणित लागेल.

रोजच्या कामाबद्दल विचारलंत. त्यात फारसं नाट्य नाही. आमची एकके ठरलेली आहेत: गुरुत्व स्थिरांक १, गुच्छाचं एकूण वस्तुमान १, एकूण ऊर्जा उणे १/४. पूर्वी प्रत्येकाची एकके वेगळी असायची, त्यामुळे दोन निबंधांतले आकडे जुळवण्यात आठवडे जायचे. १९८६ मध्ये हेगी आणि रॉबर्ट मॅथ्यू यांनी ही एकके सुचवली आणि सगळ्यांनी उचलली. पुढे हेगींनीच म्हटलं की त्यांना एनों एकके म्हणा. तर रन चालू असताना स्क्रीनवर ठरावीक अंतराने एक ओळ येते, तिच्यात ऊर्जा उणे ०.२५ पासून किती ढळली ते छापलेलं असतं. पाचव्या-सहाव्या दशांशात हलली तर हरकत नाही. तिसऱ्यात हलली की रन थांबवायची. मग एखाद्या दिवशी ऊर्जा ठीक दिसते, पण रनची चाल अचानक मंदावते. कालपर्यंत तासात होणारं काम दिवसभर होत नाही. म्हणजे कुठेतरी एक जोडी फार घट्ट झाली आहे आणि तिच्या प्रत्येक फेरीसाठी कोड कालखंड बारीक करत सुटला आहे. अशा वेळी निर्देशांकच बदलून जोडीची समीकरणं गुळगुळीत करतात. कुस्टानहाइमो आणि श्टीफेल यांची १९६५ ची युक्ती यासाठी वापरतात, आणि हेगींनी १९७४ मध्ये ती कितीही ताऱ्यांसाठी वाढवून दाखवली होती. चार मितींत जाऊन तीन मितींतली अडचण सोडवणारी ही युक्ती गणिताच्या विद्यार्थ्याला आवडेल अशी आहे.

आणि ऊर्जा टिकली म्हणजे उत्तर बरोबर असंही नाही. दोन विरुद्ध चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात. म्हणून तोच गुच्छ सुरुवातीच्या जागा बदलून पुन्हा चालवायचा आणि सरासरी बघायची. नवीन विद्यार्थी एका सुंदर आलेखावर खूश होऊन येतात. मी त्यांना दुसरा मागतो.

हेगींच्या करिअरमधली एक आडवाट मला फार आवडते. ब्रिटनमधल्या प्रागैतिहासिक शिळावर्तुळांवर अलेक्झांडर थॉम यांनी मोठा दावा केला होता: ती बांधणाऱ्यांकडे ०.८२९ मीटरचं एक प्रमाणित माप होतं आणि चंद्र-सूर्याच्या उदयास्ताचे सूक्ष्म वेध ते घेत. हेगींनी या दाव्यांची संख्याशास्त्राने तपासणी करून १९८१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इतक्या दगडांत आणि इतक्या डोंगरशिखरांत निव्वळ योगायोगाने किती जुळणी दिसेल, हा त्यांचा प्रश्न. उत्तर थॉम यांच्या बाजूने फारसं गेलं नाही. तुम्हाला हा छंद वाटेल, पण आलेखातला आकार खरा की भास, हे ओळखायची सवय तीच आहे.

आता पोटापाण्याचं. खोटी आशा दाखवत नाही. हेगींच्या पिढीत पीएच.डी.नंतर थोड्या वर्षांत कायमची जागा मिळू शकत होती. आज पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, मग दोन ते चार पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन जागा), बहुतेक परदेशात, दर दोन-तीन वर्षांनी देश बदलून. कायमची नोकरी मिळालीच तर पस्तिशीच्या आसपास. भारतात तारकागुच्छांच्या गतिशास्त्रावरच काम करणारे लोक बोटांवर मोजता येतील, त्यामुळे गाइड मिळवताना थोडं शेजारच्या विषयांकडेही बघा: दीर्घिकांचं गतिशास्त्र, गुरुत्वीय लहरी, स्पंदक, गाया उपग्रहाची आकडेवारी. संशोधक विद्यार्थ्याला २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये फेलोशिप मिळते, घरभाडं वेगळं. घरी याची कल्पना आधीच देऊन ठेवा, विशेषतः घरचे 'नोकरी कधी' विचारणारे असतील तर. निवड समित्यांचाही एक वैताग असतो. मला एकदा एका समितीत विचारलं गेलं, "तुमची दुर्बीण कुठली?" आणि गणिताच्या समितीत विचारतात, "प्रमेय कुठलं?" दोन्हीकडे उपरे असण्याची तयारी ठेवावी लागते.

जे मध्येच बाहेर पडतात त्यांचं वाईट होत नाही. मोठ्या यंत्रांवर समांतर कोड लिहिता येणं आणि उत्तरात चूक किती असेल याचा अंदाज बांधता येणं याला हवामानाच्या अंदाजापासून बँकेतल्या जोखमीच्या गणितापर्यंत किंमत आहे. माझ्या ओळखीतले काही जण तिथे सुखात आहेत आणि पगार विचारू नका.

तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात म्हणून: एम.एस्सी. गणितात केली तरी चालेल, पण अभिजात यांत्रिकी आणि सांख्यिकीय भौतिकी हे दोन विषय भौतिकशास्त्राच्या वर्गात बसून करा. जॅम आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांची माहिती काढा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्ये उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम असतात, त्यांना अर्ज करा. हेगी आणि हट यांचं २००३ चं पुस्तक ग्रंथालयातून मिळवा. प्रकरणं छोटी आहेत आणि शेवटी प्रश्न दिलेले आहेत. ते वाचण्याआधी दोन गोष्टी हाताने करून बघा. एकूण ऊर्जा उणे १/४ घेतली की गुच्छाची व्हिरियल त्रिज्या (एकूण स्थितिज ऊर्जेवरून ठरणारी त्रिज्या) बरोबर १ का येते, ते काढा. मग २५ ताऱ्यांचा कोड स्वतः लिहा, तयार कोड न घेता. तो चालवा, एका ताऱ्याची जागा दहाव्या दशांशात बदला, पुन्हा चालवा, आणि दोन्हीतला फरक वेळेनुसार लॉगरिथमिक आलेखावर काढा. रेष सरळ वर गेलेली दिसेल. तिचा उतार किती येतो ते मला कळवा.